गिरणीचे नाव, मॉलची जमीन

इंदूरच्या बायपास रस्त्यावर डिसेंबर २०२२ मध्ये 'फिनिक्स सिटाडेल' नावाचा प्रचंड मॉल सुरू झाला. मध्य भारतातील सर्वांत मोठा मॉल म्हणून त्याचा गाजावाजा झाला आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना राजवाडा व सराफा दाखवून झाल्यावर तिकडे नेण्याची पद्धतही लवकरच पडली. हा मॉल ज्या उद्योगसमूहाने उभारला, त्याच्या मूळ कंपनीचे नाव 'द फिनिक्स मिल्स लिमिटेड' असे आहे. मॉल बांधणाऱ्या कंपनीच्या नावात 'मिल्स' हा शब्द कशासाठी, असा प्रश्न तेथे खरेदीस जाणाऱ्यांपैकी फारसा कोणी विचारत नाही. इतर शहरांतील लोकांनी तो विचारला नाही तर एकवेळ चालेल. परंतु मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, कल्याण मिल ही नावे ज्या शहरात आजही पत्ता सांगताना तोंडी येतात, त्या शहरातील रहिवाशांनी तरी तो विचारावयास हवा. त्याचे उत्तर मुंबईच्या लोअर परळमध्ये, सेनापती बापट मार्गावर मिळते.

मॉलचा इतिहास म्हटला की साधारणतः उद्घाटनाची तारीख, मजल्यांची संख्या आणि दुकानांची नावे सांगितली जातात. लोअर परळच्या मॉलपुरते पाहिले तर हा इतिहास जेमतेम पाव शतकाचा भरेल. आम्हांस येथे सांगावयाचा आहे तो त्या जमिनीचा इतिहास. ती कोणत्या कामासाठी वापरात आली, तिच्यावर कोण राबले, तिच्या वाटण्या कशा ठरल्या आणि पुढे त्या कशा बदलल्या, हे पाहिल्यावाचून त्या मॉलची खरी ओळख होत नाही.

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचे काम सुरू झाले. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, शिवडी, वरळी या टापूत एकामागून एक धुराडी उभी राहिली. फिनिक्स मिलची स्थापना १९०५ मधली. ज्या रस्त्याच्या कडेला ती उभी राहिली त्यास तेव्हा तुळशी पाइप रोड म्हणत, कारण तुळशी तलावाचे पाणी शहरात आणणारी मोठी नळवाट तेथून जात होती. ते वर्ष वंगभंगाचे व स्वदेशीच्या हाकेचे होते, आणि परदेशी कापडावरील बहिष्काराचा लाभ मुंबईच्या गिरण्यांना झाला. त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर सूर्य मावळला की काम थांबे. आता अंधार पडल्यावरही साचे चालू ठेवता येऊ लागले. कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत गेले, त्यावरून कामगारांत मोठा असंतोष माजला आणि अखेर १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुष कामगारांच्या दिवसावर बारा तासांची मर्यादा घातली. फिनिक्सची पहिली वर्षे या काळातली आहेत.

या गिरण्यांत राबणारी माणसे मुख्यतः कोकणातून व घाटावरून आलेली होती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतील अपुऱ्या शेतीवर जगणारी कुटुंबे घरातील एक-दोन कर्ते पुरुष मुंबईस धाडीत. एका गावची माणसे एखादा गाळा भाड्याने घेऊन पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा माणूस आला की दिवसपाळीचा वळकटी गुंडाळून बाहेर पडे. जेवण खानावळीत. या खानावळी बहुधा बायकाच चालवीत. त्यांच्याच संघटनेतून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने डिलाइल रोड, वरळी, नायगाव, शिवडी येथे ज्या चाळी बांधल्या त्या बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. डिलाइल रोडचेच नाव पुढे कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्यावरून ठेवण्यात आले. फिनिक्स मिल या वस्तीच्या अगदी शेजारी होती. गिरणीचा भोंगा वाजला की त्या भागातील घड्याळे लावली जात.

गिरणगावाने महाराष्ट्रास काय दिले, याची यादी मोठी होईल. रविवारची सुटी आज सर्वांना स्वाभाविक वाटते. ती गिरणी कामगारांस १८९० मध्ये मिळाली आणि त्यामागे जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांची कित्येक वर्षांची खटपट होती. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख व अण्णा भाऊ साठे यांच्या मागे उभा राहिलेला समुदाय प्रामुख्याने याच भागातला होता. नारायण सुर्वे यांना लहानपणी एका गिरणी कामगाराने सांभाळून आपले नाव दिले. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) हे त्यांचे संग्रह त्याच वस्तीच्या अनुभवावर उभे आहेत.

तरीही गिरणगावाचे गुणगान करताना एक गोष्ट विसरता कामा नये. विणाईच्या खात्यात पगार अधिक होता, पण त्या खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी लावण्यास सवर्ण विणकर तयार नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. तेव्हा कोणास कोठपर्यंत आत येऊ द्यावयाचे, हा वाद या जमिनीवर मॉल येण्याच्या पुष्कळ आधीपासून चालू होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. नेतृत्व डॉ. दत्ता सामंत यांचे होते. मागण्या पगारवाढीच्या व बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्याच, परंतु मुळाशी आणखी एक प्रश्न होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका उद्योगात एकाच संघटनेस वाटाघाटी करण्याचा अधिकार असे. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता आणि बहुसंख्य कामगारांचा त्या संघटनेवर विश्वास उरलेला नव्हता. मालक डॉ. सामंतांशी बोलण्यास तयार नव्हते आणि कायद्याने त्यांना तसे बोलणे भागही नव्हते. महिन्यामागून महिने गेले. कित्येक कामगार गावी परतले, घरातील भांडीकुंडी व बायकांचे दागिने विकले गेले, खानावळींची उधारी थकली. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. संप मागे घेतल्याची अधिकृत घोषणा कधीच झाली नाही; तो विरत गेला. जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक संपानंतरच्या एका कुटुंबाची कथा सांगते, आणि ज्यांना आकड्यांपेक्षा माणसे पाहावयाची आहेत त्यांनी ते जरूर वाचावे.

गिरण्या संपामुळे बुडाल्या, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की ते खरेच वाटू लागते. संपाने घाव घातला हे मान्य करावे लागेल. पण त्यापूर्वीच कित्येक गिरण्यांची यंत्रे जुनाट झाली होती, नफा नव्या यंत्रांत गुंतवला जात नव्हता आणि भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात तयार होत होते. त्यातच ज्या जमिनीवर हे साचे उभे होते तिची किंमत साच्यांच्या उत्पन्नापेक्षा कितीतरी पटींनी वाढली. पन्नासहून अधिक गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या ऐन मध्यभागी, दोन्ही रेल्वेमार्गांच्या बेचक्यात होती. १९९० च्या दशकाच्या मध्यास मुंबईतील जागांचे भाव जगातील सर्वांत महागड्या शहरांच्या बरोबरीस गेले होते. असे झाल्यावर गिरणी चालवण्यापेक्षा तिची जमीन मोकळी करणे अधिक फायद्याचे ठरणार, हे उघड होते.

येथून पुढचा इतिहास रस्त्यावर घडला नाही. तो नियमांच्या पुस्तकात घडला. शासकीय सेवेत आमची बहुतेक वर्षे नियम, त्यांचे पोटनियम आणि स्पष्टीकरणे वाचण्यात गेली, म्हणून हा भाग आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. मोर्चे, सभा, गोळीबार यांच्या नोंदी इतिहासात ठळक होतात. एखाद्या नियमातील दोन शब्द बदलल्याने काय झाले, याची नोंद क्वचितच होते.

गिरण्यांच्या जमिनी औद्योगिक वापराच्या असल्याने त्या अन्य कामासाठी वापरता येत नव्हत्या. बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ही वाट खुली केली. आजारी गिरणीस किंवा आधुनिकीकरण करू इच्छिणाऱ्या गिरणीस आपल्या जमिनीचा विकास करण्याची मुभा मिळाली. मात्र त्यासाठी जमिनीची वाटणी करावयाची होती. ढोबळमानाने सांगावयाचे तर एक तृतीयांश महानगरपालिकेस उद्याने व मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडास घरांसाठी आणि उरलेली मालकास. क्षेत्रफळाप्रमाणे हे प्रमाण थोडे कमीअधिक होई. विक्रीतून येणारा पैसा गिरणीचे पुनरुज्जीवन व कामगारांची देणी यांसाठी वापरला जावा, अशी अपेक्षा होती. या नियमात आम्हांस एक न्यायाचे सूत्र दिसते. गिरणीच्या जमिनीची वाढलेली किंमत ही एकट्या मालकाची कमाई नाही, शहराचा व राबणाऱ्यांचाही तीत वाटा आहे, असे शासनाने त्या वेळी लेखी मान्य केले होते.

१९९६ मध्ये शासनाने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. त्या गटाचे म्हणणे असे की प्रत्येक गिरणीचा तुकडा निराळा न पाहता जमिनींचा एकत्रित विचार करावा, म्हणजे सलग उद्याने, रस्ते व घरे यांसाठी जागा मिळेल. परळ व एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांच्या परिसरात पादचाऱ्यांसाठी प्रशस्त मोकळी जागा असावी, असाही विचार त्यात होता. तो आराखडा कागदावरच राहिला.

आराखडा कागदावर असतानाच जमिनीवर बदल सुरू झाले होते. १९९१ च्या नियमातच एक तरतूद अशी होती की गिरणीची जुनी बांधकामे न पाडता त्यांचा काही अटींवर अन्य वापर करता येईल. वाटणीचा प्रश्न प्रामुख्याने नव्याने बांधताना उद्भवत होता. त्यामुळे अनेक गिरण्यांची जुनी दगडी खाती तशीच ठेवून आत कचेऱ्या, स्टुडिओ, उपाहारगृहे आली. फिनिक्सच्या आवारात १९९० च्या दशकाच्या अखेरीस बोलिंग या खेळाचे केंद्र निघाले. पाठोपाठ दुकाने आली. नव्या शतकाच्या आरंभी तेथेच 'बिग बाजार' सुरू झाला आणि डाळ-तांदूळ, साबण, कपडे एकाच छताखाली घेण्यासाठी परळ-लालबागच्या चाळींतील कुटुंबेही त्या आवारात जाऊ लागली. २००९ मध्ये परदेशी किमती मालाच्या दुकानांचे 'पॅलेडियम' उघडले. पुढे त्याच आवारात पंचतारांकित हॉटेलचा मनोरा उठला. बिग बाजार आता राहिला नाही आणि सारे संकुल फिनिक्स पॅलेडियम या नावाने ओळखले जाऊ लागले. बोलिंग, मग स्वस्त धान्य, मग परदेशी घड्याळे व चामड्याच्या पिशव्या, असा हा दहा-बारा वर्षांचा क्रम आहे.

त्याच काळातील एक प्रसंग येथे नोंदवला पाहिजे. १९९९ मध्ये ताडदेव-हाजीअली भागात 'क्रॉसरोड्स' हा मुंबईतील पहिल्या आधुनिक मॉलपैकी एक सुरू झाला. गर्दी आवरेना म्हणून आरंभी तेथे अशी अट घालण्यात आली की ज्याच्यापाशी मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड आहे त्यास प्रवेश. नसेल त्याने प्रवेशशुल्क भरावे. टीका झाली व अट निघाली. परंतु बाजारपेठ म्हणजे कोणीही यावे, पाहावे, घासाघीस करावी आणि काही न घेता परत जावे, ही आपली जुनी समजूत तेथे प्रथमच अडवली गेली. पुढे अशी अट घालण्याची गरजही भासली नाही. दरवाजातील सुरक्षारक्षक, आतील थंड हवा आणि वस्तूंवरील किमती पाहून कोणी यावे व कोणी येऊ नये हे ज्याचे त्यास कळू लागले. त्या दरवाजातील गणवेशधारी रक्षक अनेकदा याच गिरणगावातील चाळीत वाढलेला असतो.

आता त्या दोन शब्दांकडे येऊ. २००१ मध्ये ५८ व्या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी आता गिरणीच्या संपूर्ण जमिनीची व्हावयाची नव्हती. ती 'मोकळी जमीन' आणि शिल्लक चटईक्षेत्र यांपुरती मर्यादित झाली. गिरणीच्या आवारात बहुतेक जागा खात्यांच्या व गोदामांच्या इमारतींनी व्यापलेली असते, हे ज्याने गिरणी पाहिली आहे त्यास सांगावयास नको. इमारतीखालची जमीन वाटणीतून वगळल्यावर उद्यानांसाठी व घरांसाठी पूर्वीच्या मानाने फारच थोडी जमीन उरणार होती. नियमाचा क्रमांक तोच, तीन वाटे तेच, केवळ ज्याचे वाटे करावयाचे ते लहान झाले.

या दुरुस्तीविरुद्ध 'बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप' या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. प्रश्न एवढाच होता की 'मोकळी जमीन' म्हणजे काय? आजची इमारत पाडली की तिच्याखालची जमीन मोकळी होते. ती धरावयाची की नाही? ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती धरावी असा अर्थ लावला. त्यामागे शहरातील मोकळ्या हवेचा व सामान्यांच्या निवाऱ्याचा विचार होता. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. धोरण ठरवण्याचा अधिकार शासनाचा आहे, बंद गिरण्यांतील कामगारांची देणी भागवणे व चालू शकणाऱ्या गिरण्यांस भांडवल मिळणे हाही सार्वजनिक हेतूच आहे, आणि इमारत पाडल्यानंतर मोकळी होणारी जमीन 'मोकळी जमीन' या संज्ञेत येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य असतो. पण नियम करणाऱ्याने ते दोन शब्द लिहिले नसते तर त्यांचा अर्थ लावण्याची वेळ न्यायालयावर आली नसती, हेही तितकेच खरे. दरम्यान २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन ७०२ कोटी रुपयांस विकली होती. जमिनीस कोणता भाव आला आहे, याविषयी कोणाच्याही मनात शंका उरली नव्हती.

वाटणी लहान झाल्याचे परिणाम पुढे दिसले. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या व मॉल आले, रोज लाखो माणसे तेथे कामास येऊ लागली, पण रस्ते, पूल व स्थानके गिरण्यांच्या काळातलीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी पाऊस पडत असताना एल्फिन्स्टन रोड व परळ स्थानकांस जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. कोरिया अभ्यासगटाने प्रशस्त जागा सुचवली होती ती याच स्थानकांच्या परिसरात. त्यानंतर तेथे लष्कराने नवा पादचारी पूल बांधून दिला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. त्याआधी २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातील गच्चीवरील उपाहारगृहांत आग लागून १४ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही दुर्घटनांची तात्कालिक कारणे निराळी होती. तथापि कारखान्यासाठी आखलेल्या जागेत शहराचा नवा मध्यभाग नियोजनावाचून कोंबला गेला, ही पार्श्वभूमी दोहोंना समान आहे.

घरांचा हिशेब असाच आहे. गिरणी कामगार व त्यांचे वारस यांच्याकडून घरासाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. म्हाडाने जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत काढली, मार्च २०२० मध्ये ३,८९४ घरांची. अधूनमधून आणखीही काही घरे निघाली. घर बहुधा २२५ चौरस फुटांचे. तरीही मिळालेली घरे आणि आलेले अर्ज यांतील अंतर प्रचंड राहिले. पुढे शासनाने मुंबईबाहेर शेलू व वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे आणली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले. आमची घरे आम्ही जेथे राबलो त्या मुंबईतच द्या, ही त्यांची मागणी होती. संप झाला तेव्हा पंचविशीत असलेला कामगार त्या दिवशी सत्तरीच्या घरात होता.

या साऱ्याची दुसरी बाजू मांडली नाही तर ते अन्यायाचे होईल. शहराच्या मध्यभागी धूर ओकणाऱ्या गिरण्या कायम राहाव्यात असे आज कोणी म्हणणार नाही. कापसाच्या तंतूंनी कामगारांच्या छातीचे विकार वाढत, हे डॉक्टरांनी वारंवार सांगितले आहे. मॉल व कचेऱ्यांनी हजारो तरुणांना, विशेषतः मुलींना, काम दिले. संध्याकाळी थंड हवेत फिरावे, मुलांना जिने चढणारी यंत्रे दाखवावीत, असे मध्यमवर्गीय कुटुंबांस वाटले तर त्यात गैर काही नाही. आम्हीही नातवंडांसह इंदूरच्या मॉलमध्ये गेलो आहोत आणि आम्हांस तेथे बरे वाटले हे कबूल केले पाहिजे. तक्रार मॉलविषयी नाही. गिरणी जाणारच होती. तिच्या जागी काय यावे आणि त्यात कोणाचा किती वाटा असावा, हे ठरवण्याची एक संधी आली होती. १९९१ मध्ये ती ओळखली गेली आणि दहा वर्षांत गमावली गेली. तक्रार आहे ती याची.

लोअर परळच्या मॉलच्या आवारात गिरणीचे जुने धुराडे राखून ठेवलेले आहे. मॉलमध्ये येणारे तरुण तेथे छायाचित्रे काढतात. जुन्या वास्तूचा एक अवशेष जपला, याबद्दल मालकांस श्रेय द्यावे लागेल, कारण इतरत्र तेवढेही उरले नाही. मात्र धुराडे जपणे सोपे असते; ते जागा थोडी घेते आणि शोभाही देते. त्याखाली जळणारा कोळसा कोणी टाकला, ते तेथे दिसत नाही. फिनिक्स हा राखेतून पुन्हा उठणारा पौराणिक पक्षी. १९०५ साली ते नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काही वेगळे असेल. कंपनी खरोखरीच पुन्हा उठली आणि पुणे, बंगळूर, चेन्नई, लखनौ अशी शहरे घेत आमच्या इंदुरातही आली. गिरणगावातील माणसांच्या वाट्यास मात्र तसे काही आले नाही.

आणि म्हणूनच शेवटी इंदूरचा उल्लेख करावासा वाटतो. आमच्या शहरात गिरण्यांचा आरंभ तुकोजीराव होळकर (दुसरे) यांच्या काळात संस्थानच्या स्वतःच्या कापडगिरणीने झाला. हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली, तेव्हा तिच्यातील सुमारे ५,९०० कामगारांची देणी थकली. तीन दशके त्यांनी न्यायालयाचे उंबरठे झिजवले. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश त्यांच्यासाठी सुपूर्द झाला. त्या मधल्या काळात कित्येक कामगार निवर्तले. पैसे विधवांच्या व मुलांच्या हाती गेले. गिरण्या बंद पडल्या तरी अनंत चतुर्दशीस त्यांच्या झांक्या निघतात. पगार देणारी गिरणी उरलेली नाही, तरी जुने कामगार वर्गणी गोळा करून, उसनवारी करून गणपतीची मिरवणूक सजवतात आणि सारे इंदूर रात्रभर रस्त्यावर उभे राहून ती पाहते. मुंबईच्या लालबागेत व आमच्या मालवा मिल परिसरात हा एक धागा अजून तुटलेला नाही.

हुकुमचंद मिलच्या बंद आवारात गेल्या तीस वर्षांत दाट झाडी वाढली. ती राखली जावी, अशी मागणी इंदूरकरांनी केली. तेथे घरे व दुकाने उभारण्याच्या योजनेचाही गाजावाजा झाला. आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे की त्या जमिनीविषयीचे जे नियम, ठराव व करार होतील ते इंदूरच्या नागरिकांनी नीट वाचावेत. इमारतीचे सुंदर चित्र वर्तमानपत्रात मोठे छापून येते. 'मोकळी जमीन' यासारखे शब्द राजपत्रात बारीक टाइपात असतात, आणि मुंबईच्या अनुभवाने दाखवले आहे की शहराचे भवितव्य त्यांनीच ठरते.